कान्होबाचा वाटा

आमच्या कामात एक एक्सेल शीट असते आणि तिच्यात ‘आरपीओ’ नावाचा रकाना असतो. आग लागली, पाणी शिरलं, कुणी रॅन्समवेअर घुसवून सगळ्या फायली कुलूपबंद केल्या, तर यंत्रणा पुन्हा उभी राहील तेव्हा मागचं किती तासांचं काम गेलेलं चालेल, ते त्या रकान्यात लिहायचं. शेजारच्या रकान्याचं नाव ‘आरटीओ’. बंद पडलेलं किती वेळात सुरू करायचं, ते तिथे. संचालक मंडळासमोर हे नाव उच्चारलं की एक तरी जण लायसन्सच्या नूतनीकरणाची रडकथा सुरू करतो, म्हणून मी हल्ली आधी आरपीओच उरकून घेते.

त्या घरात बहुधा ‘४ तास’ असं असतं. आकडा आला कुठून म्हणून शोधत गेलं तर तो मागच्या गिऱ्हाइकाच्या शीटमधून आलेला सापडतो.

बँका, रुग्णालयं, शिक्षणसंस्था यांचे कागद सांभाळणाऱ्या संगणकयंत्रणा जुन्या जागेवरून क्लाउडवर हलवायच्या आणि उद्या संकट आलं तर काय करायचं याचा आराखडा लिहून द्यायचा, हा माझा पोटापाण्याचा उद्योग. अलीकडे एका सहकारी बँकेचं काम होतं. सर्व्हर तळघरात, पार्किंगला लागून. २५ सप्टेंबर २०१९ च्या रात्री आंबिल ओढा फुगला आणि पुण्यात काय हाहाकार झाला ते पाहिल्यावर तळघराबद्दल कुणाला वेगळं समजवायची गरज पडायला नको होती. तरी मंजुरीला वर्षं गेलीच.

बैठकीत शीट पडद्यावर होती. जोखीम विभागाचे प्रमुख म्हणाले, “चार तास ठीक आहे. तेवढा लॉस अ‍ॅक्सेप्टेबल आहे.” कोपऱ्यात एक शाखाधिकारी बसल्या होत्या, त्यांना स्कॅनरच्या तक्रारींसाठी बोलावलेलं. त्या म्हणाल्या, “साहेब, अकरा ते तीन आमच्याकडे सगळ्यात जास्त गर्दी. नॉमिनेशन बदलायला येतात ते याच वेळात. आता फॉर्म टॅबवरच भरून घेतो, सहीसुद्धा टॅबवरच. कागद नसतोच.” साहेबांनी मान डोलावली आणि शीट पुढच्या ओळीवर सरकली.

मी मात्र त्या ओळीवरच राहिले. तोटा होणार त्या बाईचा, जिने नवरा गेल्यावर ठेवीवर मुलीचं नाव लावलं. तो मान्य करणार जोखीम विभाग. बाईला हे ठाऊकही नाही. व्यवस्थापनाच्या पुस्तकांत याला उत्तर आहे, पण प्रश्न तिथला वाटत नाही. जे आपलं नाही ते सोडून देता येतं का? दुसऱ्याच्या वतीने वैराग्य धरता येतं का?

क्लाउडवर जाण्याच्या पहिल्या बैठकीत कुणीतरी हमखास गीतेतल्या जुन्या वस्त्रांची स्लाइड लावतं. चित्र छान असतं, टाळ्याही पडतात. पण गीतेतल्या आत्म्याला आग जाळत नाही आणि पाणी भिजवत नाही. त्याला बॅकअप हवाय कशाला? आमची फाइल जळते, भिजते आणि एखाद्या शिकाऊ पोराच्या चुकीच्या कमांडने डोळ्यांदेखत नाहीशी होते. दुसरा ठरलेला प्रश्न, हलवल्यानंतरची फाइल ही तीच फाइल का? यावर नागसेनाच्या रथापासून सुरुवात करून तासभर बोलता येईल, पण इथे यंत्रच निकाल देतं. फाइलीवरून ‘शा-२५६’ पद्धतीने ६४ अक्षरांचा ठसा काढतात. आत एक स्वल्पविराम बदलला तरी ठसा पार वेगळा येतो. हलवण्याआधीचा आणि नंतरचा ठसा जुळला की फाइल तीच. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमातही इलेक्ट्रॉनिक पुराव्यासोबतच्या प्रमाणपत्रात असा ठसा द्यावा लागतो. कोर्टाला चालतं ते मला चालतं. माझं दुखणं जे पोचलंच नाही त्याचं आहे.

माझे सासरे, अण्णा, वारकरी आहेत. देहूच्या पलीकडचं गाव, नोकरी भूमी अभिलेख खात्यात गेली, आता आमच्याकडे चिंचवडला असतात. रात्री जेवताना त्यांना हे सगळं सांगितलं. ते म्हणाले, “अगं, तुकोबांनी खतं बुडवली ती गोष्ट तुला पुरती माहीत नाही वाटतं.”

“माहीत आहे की, अण्णा. सावकारीचे कागद इंद्रायणीत सोडले.”

“अर्धे,” ते म्हणाले, आणि आमटी वाढून घेतली.

परंपरा सांगते ती हकीकत अशी. घरात महाजनकी आणि सावकारी. १६३० च्या भयंकर दुष्काळात धंदा बसला, थोरली बायको गेली. लोकांकडे येणं राहिलं, त्याची खतं घरात पडून. विरक्ती आल्यावर तुकोबा ती खतं नदीत सोडायला निघाले, तेव्हा धाकटा भाऊ कान्होबा म्हणाला की तुम्ही साधू झालात, मला बायकामुलं पोसायची आहेत. मग खतांच्या दोन वाटण्या झाल्या. कान्होबाचा वाटा कान्होबाच्या हाती गेला आणि उरलेला इंद्रायणीत.

“वाटणी आधी, वैराग्य नंतर,” अण्णा म्हणाले. “सातबारा सामाईक असला की एकट्याच्या सहीवर सगळा तुकडा विकता येतो का? तसंच आहे हे.”

मला यात कान्होबा फार महत्त्वाचा वाटतो. कीर्तनात त्याला जरा प्रपंचात अडकलेला, थोरल्याची उंची न कळलेला असा रंगवतात. पण तो बोलला म्हणून तुकोबांचा त्याग खरा झाला. तो गप्प बसला असता तर थोरल्या भावाने धाकट्याच्या मुलांच्या तोंडचा घास नदीला वाहिला असता, आणि आपण त्यालाही त्यागच म्हटलं असतं. बँकेच्या बैठकीत शाखाधिकारी बाई बोलल्या तेवढंच. ज्यांचे फॉर्म जाणार होते त्यांच्यापैकी कुणी तिथे असणं शक्यच नव्हतं.

याच नदीत तुकोबांचे कागद दोनदा गेले. दुसऱ्यांदा अभंगांच्या वह्या, रामेश्वर भटांच्या फर्मानावरून. तुकोबा तेरा दिवस शिळेवर अन्नपाण्यावाचून पडून राहिले आणि वह्या कोरड्या वर आल्या, ही श्रद्धा. अभंग लोकांना तोंडपाठ होते, त्यावरून ते परत लिहून निघाले, ही दुसरी बाजू. माझ्या धंद्यातली माणसं अर्थात दुसऱ्या बाजूवर खूश: बघा, प्रती ठिकठिकाणी विखुरलेल्या होत्या! मी त्या वादात शिरत नाही. खतांसाठी कुणी उपास धरला नाही, एवढंच मला दिसतं. ज्यांच्या डोक्यावरचं कर्ज वाहून गेलं ते काठावर कशाला रडतील? वह्यांसाठी मात्र लिहिणारा स्वतः धरणं धरून बसला. एका वेळी मालकाने आपण होऊन सोडलं, दुसऱ्या वेळी त्याच्याकडून सोडवून घेतलं. नदीला या दोहोंतला फरक कळत नाही, आणि ‘४ तास’ लिहिलेल्या त्या रकान्यालाही कळत नाही.

हा विचार काही अण्णांचा किंवा माझा नाही. विश्वजित नावाच्या यज्ञात यजमानाने आपलं सर्वस्व दान करायचं असतं. जैमिनीच्या मीमांसासूत्रांच्या सहाव्या अध्यायात त्यावर अगदी कीस काढला आहे. सर्वस्वात आईबाप धरायचे का? नाही, ‘माझे आईबाप’ म्हटलं तरी ते मालकीचे नव्हेत. बरं, यजमान सार्वभौम राजा असेल तर त्याने पृथ्वी देऊन टाकावी का? तीही नाही. राजाकडे राखणदारी आहे, जमीन तिच्यावर राहणाऱ्या सगळ्यांची. हे वाचलं की मला सर्व्हर अ‍ॅडमिनिस्ट्रेटरची आठवण होते. लाखो फायली त्याच्या एका पासवर्डखाली आणि त्यातली एकही त्याची नाही.

यज्ञातलीच आणखी एक बारीक गोष्ट. समिधा रचणं, मंत्र म्हणणं, आहुती टाकणं, ही सगळी कामं ऋत्विज करतात. यजमान दक्षिणा देऊन ती करून घेतो. पण त्या द्रव्यावरचा हक्क सोडताना ‘न मम’ म्हणायचं ते यजमानाने. बाकी सगळं शास्त्राने कंत्राटावर देऊ दिलं, एवढं एक दिलं नाही. (हल्ली तेही गुरुजीच पुटपुटतात आणि यजमान फोटोग्राफरकडे बघत असतो, तो भाग निराळा.) आमच्या शीटमध्ये मात्र ऋत्विजच ‘न मम’ म्हणतो, आणि द्रव्य असतं तिसऱ्याचं.

याचं टोक मी गेल्या काही वर्षांत एकाच घटनेत पाहिलं. २६ सप्टेंबर २०२५ ला दक्षिण कोरियातल्या डेजॉन शहरात सरकारी डेटा सेंटरला आग लागली. लिथियम-आयन बॅटऱ्या हलवण्याचं काम चालू होतं. सरकारी नोकरांच्या कामाचे कागद ठेवण्याची ‘जी-ड्राइव्ह’ नावाची यंत्रणा त्यात जळाली, ८५८ टेराबाइट. कामाच्या फायली आपल्या संगणकावर ठेवू नका, तिथेच ठेवा, असा आग्रह सरकारचाच होता. आणि त्या साठ्याची बाहेर दुसरी प्रत नव्हती. साठा फार मोठा, त्याची प्रत ठेवणं जमत नाही, असं कारण दिलं गेलं. मंजूर झालेले पक्के कागद दुसऱ्या एका यंत्रणेतही असल्यामुळे त्यातलं बरंच हाती लागलं. कच्ची टिपणं, वर्षानुवर्षं जमवलेली माहिती गेली. तांत्रिक चूक कुठे झाली ते कॉलेजातलं पोरही सांगेल. मला भयंकर वाटतो तो त्यातला क्रम. आधी म्हणायचं, तुझ्याजवळ ठेवू नकोस, आमच्याकडे दे. मग म्हणायचं, आम्हाला दुसरी प्रत परवडत नाही. कान्होबाचा वाटा मागून घेऊन आपल्यात मिसळायचा आणि गाठोडं नदीकाठी ठेवून द्यायचं.

आपल्याकडे २१ जून २०१२ ला मंत्रालय पेटलं तेव्हा फायलींची पुनर्बांधणी खालच्या कार्यालयांतल्या प्रतींवरून करावी लागली. अण्णा म्हणतात, कागद एकाच जागी गोळा करायला सरकारला कधी जमलं नाही, त्या गबाळेपणानेच वाचवलं. ते हे अभिमानाने सांगतात की चेष्टेने, हे मला अजून कळलेलं नाही.

जोखीम विभागाच्या साहेबांची बाजूही सांगायला हवी, कारण ते वाईट माणूस नाहीत. बैठकीनंतर ते म्हणाले, “मॅडम, शून्य लिहा, माझी ना नाही. बिल कुणाच्या खिशातून?” आणि हिशेब त्यांचा बरोबर आहे. तोटा शून्य हवा तर प्रत्येक फॉर्म दोन ठिकाणी लिहून झाल्याशिवाय टॅबवर ‘झालं’ उमटता कामा नये. पुणे आणि मुंबई एवढ्या अंतरात ते निभतं. पण एकच संकट दोन्ही जागांवर येऊ नये म्हणून दुसरी जागा लांब हवी. मुंबई-हैदराबाद धरा, सरळ रेषेत सहाशेहून जास्त किलोमीटर. काचेच्या तारेतून प्रकाश सेकंदाला साधारण दोन लाख किलोमीटर धावतो, म्हणजे नुसतं जाऊन यायला सहा मिलिसेकंद, आणि एक फॉर्म साठवायला अशा कितीतरी खेपा. शिवाय दोन्हीकडे एकदम लिहिणारी यंत्रणा खोडसाळपणाही दोन्हीकडे एकदम लिहिते. मुंबईत कुणी फायली बिघडवल्या की त्याच क्षणी हैदराबादेतल्या बिघडतात. म्हणून काही तासांमागची, कुणालाही हात लावता न येणारी वेगळी प्रत ठेवावीच लागते, आणि किती तासांमागची हा प्रश्न फिरून दारात येतो. तोटा शून्यावर आणून देतो म्हणणाऱ्याच्या बॅगेत काहीतरी विकायला असतं, हे माझं अनुभवाचं मत.

तेव्हा कुणीतरी दुसऱ्याच्या वतीने ठरवणार, हे टळत नाही. विश्वस्त हेच करतात. पण विश्वस्ताने ज्याचा तोटा त्याच्या नावावर मांडावा. आपण तो सोसला असं दाखवू नये. त्या बाईच्या फॉर्मवर पाणी सोडताना साहेबांचं काहीच सुटत नव्हतं.

उलट दिशेचाही अतिरेक होतो, आणि क्लाउडमुळे तो फार सोपा झाला आहे: काहीच जाऊ द्यायचं नाही. १२ मे १८७५ ला सुप्याच्या बाजारात शेतकरी सावकारांच्या घरांत शिरले आणि त्यांनी खतं बाहेर काढून जाळली. पुणे आणि नगर जिल्ह्यांत लोण पसरलं. माणसांपेक्षा कागदांवर रोख होता. चार वर्षांनी, १८७९ मध्ये, शेतकऱ्यांसाठी कायदा झाला. त्या खतांची दुसरी प्रत हैदराबादेत असती तर दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत सावकारी पूर्ववत सुरू झाली असती आणि माझ्यासारख्या कुणाला तरी शाबासकी मिळाली असती. हे नुसतं कल्पनेतलं नाही. एखाद्याचं कर्ज फिटलं, जामीनदाराची संमती नियमाप्रमाणे यंत्रणेतून पुसली. नंतर यंत्रणा कोसळली आणि आपण पुसण्याआधीची प्रत उभी केली, की सुटलेला जामीनदार पुन्हा जामीनदार. बुडवलेलं खत कोरडं वर येतं. म्हणून पुसलेल्या नोंदींची यादी निराळी जपावी लागते आणि प्रत उभी केल्यावर आधी ती यादी वाचून सगळं पुन्हा पुसावं लागतं. बऱ्याच आराखड्यांत हे पान नसतं. परत मिळवण्याची घाई सगळ्यांना असते, परत बुडवायला कुणी थांबत नाही.

बँकेच्या आराखड्यात शेवटी ‘४ तास’ राहिलेच. मात्र त्याला एक वही जोडली. फॉर्म साठवला की खाते क्रमांक, फॉर्मचा प्रकार, वेळ आणि तो ६४ अक्षरांचा ठसा, एवढंच दोन्ही जागी एकदम लिहायचं. अख्खा फॉर्म महाग पडतो, एवढीशी ओळ परवडते. फॉर्म गेला तरी कुणाचा गेला हे कळतं, आणि बँकेने त्या माणसाला शोधत जायचं, त्याने बँकेला नव्हे. आणि टॅबवर सही होताच ग्राहकाला त्याची स्वतःची प्रत, मोबाइलवर किंवा कागदावर. आमच्याकडची गेली तर त्याची खरी मानायची. कायदा विभाग यावर बिथरला, उद्या कुणी खोटी प्रत घेऊन आलं म्हणजे? मोबाइलवरच्या फाइलीचा ठसा वहीतल्या ठशाशी जुळवा, म्हटलं. कागदावरच्या प्रतीसाठी शाखेची सही-शिक्का. यावर त्यांनी वेळ मागून घेतला आणि मग होकार दिला.

अण्णांना हे आवडेल असं वाटलं होतं.

“प्रत दिलीस, बरं केलंस,” ते म्हणाले. “पण कान्होबाला माहीत होतं की कागद नदीवर निघालेत. तुमच्या त्या बाईला माहीत आहे का?”

नाही. मोबाइलवर जाणाऱ्या संदेशात मी दोन वाक्यं लिहिली होती: ही प्रत जपून ठेवा. आमच्याकडील नोंद नष्ट झाल्यास ही ग्राह्य धरली जाईल. प्रसिद्धी विभागाने दुसरं वाक्य काढलं. ग्राहक घाबरतील, ठेवी काढून नेतील, असं त्यांचं म्हणणं. मी वाद घातला, हरले, आणि आराखड्याच्या शेवटी उरलेल्या मुद्द्यांच्या यादीत तो मुद्दा साहेबांच्या नावासमोर लिहून ठेवला. अण्णांच्या मते हे पुरेसं नाही, आणि विचाराने मी त्यांच्याच बाजूची आहे. न सांगता मागितलेली संमती ही संमती नव्हे. पण घाबरलेल्या माणसाने ठेव मोडून ती घरात गादीखाली ठेवली तर त्याचं भलं झालं असंही मला म्हणवत नाही. इथे माझं आणि अण्णांचं जमत नाही.

शाखाधिकारी बाईंनी प्रसिद्धी विभागाला विचारलं नाही. त्या काउंटरवर तोंडी सांगतात. एका आजोबांनी विचारलं, “म्हणजे तुमच्याकडून जातं का?” बाई म्हणाल्या, “जाऊ शकतं, आजोबा.” आजोबांनी ठेव मोडली नाही. त्यांनी प्रिंटच्या दोन प्रती मागितल्या, एक मुलीकडे ठेवायला. दुसऱ्या प्रतीचे पैसे लावायचे की नाहीत यावर मुख्य कार्यालयाचं परिपत्रक अजून आलेलं नाही, त्यामुळे बाई सध्या लावत नाहीत.